पेन्सिलीची फुली

बँकेत फॉर्म पुढ्यात येतो तेव्हा त्यावर चार-पाच ठिकाणी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते. ‘इथे, इथे आणि मागच्या पानावर इथे.’ ग्राहक फुल्या हुडकत जातो, सह्या करत जातो. दोन फुल्यांच्या मधला मजकूर न वाचलेलाच राहतो. बँकेतल्या नोकरीत मी अशा किती फुल्या मारल्या असतील याचा हिशेब नाही. कुणाला फसवायचे म्हणून मारल्या नाहीत. काउंटरपुढे रांग असायची आणि लोकांनाही लवकर सुटायचे असायचे. तरीही निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना ती फुलीच डोळ्यांसमोर येते. या पुस्तकाच्या लेखकाने प्रस्तावना लिहाल का असे विचारले, तेव्हा हे सगळे मी त्यांना आधीच सांगून टाकले. ते म्हणाले, ‘म्हणूनच तुम्ही लिहा.’

पुस्तकाचा विषय नावावरून रुक्ष वाटेल. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, कर्ज देणाऱ्या कंपन्या यांनी ग्राहकाशी न्यायाने वागावे म्हणून नियामक संस्था काय करतात, आणि त्यातले किती ग्राहकापर्यंत पोहोचते, हा तो विषय. पण तो रुक्ष नाही. आमच्या घरात तो एका दुपारी चहाच्या कपासोबत आला.

माझी आत्या तेव्हा बाहत्तर वर्षांची होती. एक लाखाची मुदत ठेव संपली म्हणून ती पावती घेऊन शाखेत गेली. शाखेतला मुलगा गोड बोलणारा. ‘काकू, एफडीत काय मिळतंय हल्ली? यात जास्त मिळेल, आणि नातवाच्या नावाने राहील.’ नातवाचे नाव निघाल्यावर आत्याने चष्मासुद्धा लावला नाही. सह्या करून घरी आली आणि मिळालेला कागद पावती समजून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. वर्षभराने मोबाइलवर मेसेज आला, ‘आपला एक लाखाचा हप्ता देय आहे.’ तो दाखवायला ती माझ्याकडे आली. ‘अरे, ठेवीला हप्ता कसला?’

कागद उघडला. ठेव नव्हतीच. नातवाच्या आयुष्याचा विमा होता, दहा वर्षे दरसाल एक लाखाचा हप्ता. प्रस्तावाच्या फॉर्मवर आत्याचे वार्षिक उत्पन्न सहा लाख लिहिलेले. तिला मिळते ती आतोबांच्या मागची कुटुंब पेन्शन, आणि ती या आकड्याच्या जवळपासही नाही. सगळ्यात मला खटकली ती शेवटच्या पानावरची चौकट. ग्राहक इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत सही करत असेल, तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला असे कुणीतरी लिहून द्यावे लागते. तसे लिहून दिलेले होते, खाली कुणाची तरी सही होती. आत्याने ते नाव कधी ऐकलेही नव्हते. विमा कंपनीकडून खातरजमेचा फोनही आला होता म्हणे. ‘तो मुलगा म्हणाला होता, फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. मी म्हटलं.’

म्हणजे नियम होते. समजावून सांगण्याचा होता, उत्पन्न विचारण्याचा होता, फोन करण्याचा होता. प्रत्येक नियम पाळल्याचा पुरावा त्या फाइलीत होता, आणि आत्या फसली होती. या पुस्तकाकडे मी याच गाठीपासून पाहतो.

कागद एक सांगतो आणि व्यवहार दुसराच असतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जुन्या मराठी कागदांवर कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे आढळते. सही येत नाही म्हणून नांगराचे चिन्ह. अशा सह्यांच्या कर्जरोख्यांनी दख्खनच्या शेतकऱ्याला कुठे नेऊन ठेवले, ते 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दिसले. भीमथडीतले ते बाजाराचे गाव. लोक सावकारांच्या घरांवर गेले ते मुख्यतः रोखे आणि हुकूमनामे मागायला. कागद मिळाले की ते जाळत. जिथे मुकाट्याने कागद दिले तिथे माणसांना सहसा हात लागला नाही. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला आजही थक्क करतात. पहिली, न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा प्रमाण मानायचा नाही. व्यवहार मुळात कसा सुरू झाला, हातात किती रक्कम आली, व्याज किती चढले, हे खणून काढायचे. दुसरी, शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला पावती मिळण्याचा हक्क, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क, आणि पासबुकात खाते लिहून घेण्याचा हक्क. पासबुक, 1879 मध्ये! व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये हा दामदुपटीचा दंडक तर त्याआधीपासूनच होता. ग्राहकसंरक्षण विलायतेहून आले असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. सावकारांनीही पुढे वाट काढलीच. कर्जरोख्याची चिकित्सा होते ना, मग गहाणखत न करता थेट खरेदीखतच लिहून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देऊ असे तोंडी सांगायचे. नियम एका कागदाला लावला की पैसा दुसऱ्या कागदात शिरतो, हा धडा तेव्हाचाच.

तो धडा आपण अलीकडे पुन्हा गिरवला. 2009 पर्यंत म्युच्युअल फंडात शंभर रुपये घातले की त्यातून सव्वादोन रुपयांपर्यंतची रक्कम दारातच कापली जाई आणि ती विकणाऱ्याला मिळे. चंद्रशेखर भावे सेबीचे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाचे, अध्यक्ष असताना, 1 ऑगस्ट 2009 पासून ही कपात बंद झाली. निर्णय उत्तमच होता. पण विकणाऱ्यांचे पाय तिकडून उठले आणि युलिपकडे वळले. युलिपमध्ये विमा आणि गुंतवणूक एकत्र असे आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून मोठा वाटा कमिशनला जाई. एप्रिल 2010 मध्ये सेबीने चौदा विमा कंपन्यांना आमच्या परवानगीशिवाय युलिप विकू नका असे बजावले. विम्याचे नियामक, म्हणजे लोक ज्याला इर्डा म्हणतात ते प्राधिकरण, म्हणाले की तिकडे लक्ष देऊ नका. दोन नियामक असे भर बाजारात भांडले आणि शेवटी सरकारला वटहुकूम काढून युलिप इर्डाच्या पदरात घालावे लागले. मग सप्टेंबर 2010 पासून इर्डाने युलिपमध्ये पैसे अडकून राहण्याची किमान मुदत तीनाची पाच वर्षे केली आणि खर्चावर मर्यादा घातल्या. तेव्हा विक्रेते पुन्हा उठले आणि जुन्या पठडीतल्या, आत काय आहे ते सहसा न दिसणाऱ्या बचत पॉलिसींकडे गेले. आत्याची पॉलिसी त्याच जातीची.

माझे मत असे, की नियामकाने नुसता मालावर नियम लावून भागत नाही. विकणाऱ्याच्या कर्तव्यावर लावावा लागतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2014 मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. तिच्या पाच हक्कांमध्ये मला तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो. ग्राहकाला त्याच्या गरजेला आणि ऐपतीला साजेल तेच विकायचे. बाकीचे हक्क माहितीचे, सौजन्याचे, गोपनीयतेचे आणि तक्रारीचे. या तिसऱ्यात मात्र विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडे माणूस म्हणून पाहणे अपेक्षित आहे. बाहत्तर वर्षांच्या पेन्शनर बाईला दहा वर्षांचा हप्ता बांधू नये, हे कळायला परिपत्रक लागू नये खरे तर. पण शाखेत महिनाअखेर असते, भिंतीवर टार्गेटचा तक्ता असतो, आणि त्या मुलाची बढती सनदेवर अवलंबून नसते. सनद भिंतीवर आणि टार्गेट डोक्यावर, अशी आमची अवस्था होती. आता ती फार बदलली असेल असे मला वाटत नाही.

ब्रिटनची गत याहून वेगळी नव्हती. तिथे कर्जासोबत हप्त्यांचा विमा गळ्यात मारण्याची टूम इतकी चालली की बँकांना पुढे ग्राहकांना 38 अब्ज पौंडांच्या घरात पैसे परत करावे लागले. ज्यांना तो विमा कधीच लागू पडला नसता अशा स्वयंरोजगारी माणसांनाही तो विकला होता. त्या अनुभवानंतर तिथल्या नियामकाने जुलै 2023 अखेर नवे कर्तव्य लादले. ‘आम्ही सगळे सांगितले होते’ एवढे म्हणून बँक सुटत नाही, ग्राहकाचे भले झाले का हे तिला दाखवावे लागते. आपल्याकडे अजून मुख्य भर सांगण्यावर आहे.

सांगण्याचे नियम मात्र आता चांगले धारदार झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाआधी ग्राहकाच्या हातात एक तक्ता द्यावा लागतो. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळे धरून वर्षाला कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडते ते त्यात एका आकड्यात लिहायचे. तक्त्यात नसलेले शुल्क नंतर ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तक्ता ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवा आणि समजल्याची त्याची सही हवी. इथे माझ्यातला जुना कारकून हसतो. समजल्याची सही म्हणजे आणखी एक पेन्सिलीची फुली. वाचकहो, तो तक्ता मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीचे कर्ज असेल तर त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस तशाच ठेवणे बँकेला बंधनकारक आहे. ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ असे कुणी म्हटले तर निदान त्या तक्त्यापुरते ते खरे नाही.

मला मनापासून आवडणारा नियम वेगळाच आहे. कर्ज पूर्ण फिटले तरी घराची मूळ कागदपत्रे बँकेकडून परत मिळवायला लोक महिनोन्‌महिने खेटे घालत. ‘फाइल मुख्य कार्यालयात आहे’, ‘साहेब रजेवर आहेत’. 1 डिसेंबर 2023 पासून तीस दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये, आणि तेही ग्राहकाला. यात सौजन्याचा उपदेश नाही, मूल्यांची भाषा नाही. एक आकडा आहे आणि तो रोज वाढतो. फायली कशा भराभर सापडायला लागल्या असतील याची मला कल्पना करता येते, कारण त्या हरवायच्या कशा हे मला माहीत आहे.

याच तोलाचा दुसरा नियम जुलै 2017 चा. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले आणि दोष ना तुमचा, ना बँकेचा, मधल्याच कुठल्या यंत्रणेचा असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. रोखा खरा धरून न चालता व्यवहार तपासा, हे 1879 चे तत्त्व इथे दुसऱ्या वेशात आले आहे. मात्र ओटीपी तुम्ही स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. याच मुद्द्यावर सगळे वाद होतात आणि पुस्तकात त्यावर हवे तेवढे आलेले नाही, अशी माझी लेखकाकडे तक्रार आहे.

दंडाबद्दलही एक गैरसमज दूर करतो. अमुक बँकेला रिझर्व्ह बँकेने इतक्या लाखांचा दंड केला अशी बातमी आली की लोकांना बरे वाटते. मूळ निवेदन वाचा. शेवटी एक ठरलेले वाक्य असते. या कारवाईचा अर्थ बँकेने ग्राहकांशी केलेल्या व्यवहारांच्या वैधतेबद्दल काही मत दिले असा नाही. दंड रिझर्व्ह बँकेकडे जातो. ज्याच्या तक्रारीमुळे तपास झाला असेल, त्याच्या खात्यात त्यातला रुपया येत नाही. त्याने वेगळे भांडायचे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला आणि सहकारी बँका आल्या नाहीत असे होत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. मुंबईत शाखांच्या बंद दारांपुढे उभी असलेली माणसे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. पुण्याची रुपी बँक 2013 पासून निर्बंधांखाली होती आणि 2022 मध्ये तिचा परवाना गेला. नऊ वर्षे! ठेवीदाराला संरक्षण म्हणून त्याचेच पैसे अडवायचे, हे नियामकाचे सर्वांत बोथट हत्यार, आणि घाव ज्याने काही केलेले नाही त्यालाच बसतो. पीएमसीनंतर दोन सुधारणा झाल्या. ठेवीवरचा विमा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखाचा पाच लाख झाला. 1993 पासून तो एक लाखावर थिजलेला होता. आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ते पैसे देण्याची तरतूद झाली.

पण गल्लीतल्या पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. पाटीवर सोनेरी अक्षरे, आत एसी, पासबुकही बँकेसारखेच, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षात येत नाही. अर्धा टक्का जास्त व्याज मिळते म्हणून निवृत्तीचा सगळा फंड तिथे नेऊन ठेवणारे माझे किमान तीन सहकारी होते. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली माणसे! पुस्तकातले सहावे प्रकरण या एका मुद्द्यावर आहे आणि ते घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवण्याजोगे आहे.

राहिली तक्रार. लोकपाल ही सोय बँकांसाठी 1995 पासून आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगवेगळ्या योजना एक झाल्या. शुल्क नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर लोकपालाकडे जायचे. बँकेने विमा किंवा फंड चुकीचा गळ्यात मारला तर तीही तक्रार 2017 पासून तिथे चालते. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल वेगळा आहे, मुंबईत आणि पुण्यातही त्याचे कार्यालय आहे. सगळ्याचा पाया मात्र एकच, तारखेची पोच. ‘आम्ही साहेबांशी बोललो होतो’ याला कुठलाही लोकपाल विचारत नाही. आणि नियामकाला शाखेतले काउंटर दिसत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या नोंदवलेल्या तक्रारी. न लिहिलेली फसवणूक त्याच्या लेखी झालेलीच नसते.

आत्याचे प्रकरण सात महिने चालले. मुदतीत पॉलिसी परत करण्याचा हक्क केव्हाच संपला होता. तेव्हा तो पंधरा दिवसांचा होता, 2024 पासून तीस दिवसांचा आहे. आम्ही उत्पन्नाचा खोटा आकडा आणि समजावून सांगितल्याची ती अनोळखी सही, या दोनच गोष्टींवर बोट ठेवले. पेन्शनच्या पासबुकाची प्रत जोडली. विमा कंपनीने आधी नकार दिला. विमा लोकपालाकडे अर्ज गेल्यावर तिने पूर्ण लाख रुपये परत केले, व्याजाशिवाय. शाखेतल्या त्या मुलाची तोपर्यंत बदली झाली होती. आत्याला त्याचा राग नव्हता, याचे मला अजून आश्चर्य वाटते. ‘त्याला नोकरी टिकवायची होती रे,’ म्हणाली.

या पुस्तकाचे लेखक ग्राहक चळवळीतले. त्यांचा राग काही पानांवर अनावर होतो आणि बँकेतला प्रत्येक माणूस लबाड वाटू लागतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण त्यांनी मराठीत लिहिले, परिपत्रकांची भाषा सोडून लिहिले, आणि प्रत्येक नियमाखाली ‘शाखेत गेल्यावर काय म्हणायचे’ ते दिले. हे काम खरे तर बँकांनीच करायला हवे होते.

शेवटच्या पानांवर तक्रार अर्जाचे तीन नमुने आहेत. त्यावर पेन्सिलीच्या फुल्या नाहीत, सही कुठे करायची ते मजकूर वाचल्यावर कळते. ती पाने फाडून वापरायला लेखकांची हरकत नाही, मी विचारून घेतले आहे.